चार अक्षरी चहा

"पाहुना येनार म्हनून अंगनात कोन ओरडते? तीन अक्षरं," किसनरावांनी पेपरातून डोकं वर न काढता विचारलं.

"कावळा," गोजरबाई म्हणाली. "आमच्या घरी त्याच्या ओरडन्याची वाट कोनी पाहत नाही."

किसनराव हसले आणि चौकोन भरू लागले. अमडापुरात गोजरबाईच्या ओसरीवर येऊन बसल्याला त्यांना बराच वेळ झाला होता. पण ज्या कामासाठी तिने त्यांना मोताळ्याला धाडलं होतं, त्याबद्दल चकार शब्द नव्हता. शारदाचं, तिच्या धाकट्या लेकीचं, स्थळ होतं. मुलगा मास्तर, घरी ओलिताची शेती. नवऱ्याचा चुलतभाऊ म्हणून किसनरावांना मध्ये घातलेलं. होकार असता तर माणूस फाटकातूनच ओरडत आला असता. नकार असता तर घोटभर पाणी पिऊन उठला असता. हा बसून कोडं सोडवत होता. गोजरबाईला हे लक्षण काही बरं दिसेना.

"कसलं कोडं हे, भाऊजी?"

"पाहुनचार विशेष. आठवड्याचा पेपर हाय, खामगावचा. सारे शब्द पाहुन्यारावळ्याचेच. हे पाहा. निघालेल्या पाहुन्याले यजमान काय म्हनते? दोन अक्षरं."

"बसा."

"बसलं बराबर."

"निघाल्यावरच म्हनतात. आल्यावर म्हटलं असतं तर मानलं असतं."

दुसऱ्या बुकात शाळा सोडलेली बाई. अक्षर बोटाने ओढत वाचायची. जिभेला मात्र तिच्या कधी मास्तर लागला नाही.

"आता आडवा नऊ," किसनराव म्हणाले, आणि या खेपेला त्यांनी वर पाहिलं. "नकोशा पाहुन्यासाठी ठेवतात तो चहा. पानी फार, दूध दिसन न दिसन, साखर नावाले. चार अक्षरं."

गोजरबाईच्या अडकित्त्यातली सुपारी अडकित्त्यातच राहिली.

असल्या चहाला या घरात नाव होतं. गंगाजळी. ओसरीवरून तिने "गंगाजळी ठेव वं" अशी हाक दिली की सुनेला कळायचं, अर्धी पळी दूध, बाकी विहीर. पाहुण्याला वाटायचं, आपल्यासाठी ठेवणीतलं काही निघतंय. किसनराव तर वर्षानुवर्षं ती हाक ऐकून मांडी सैल करून बसायचे. आज मात्र तिने हाक फिरवली होती. दुधाचा, आलं घालून, असं खणखणीत सांगितलं होतं.

तिने पदराखाली बोटं मोजली. गं, गा, ज, ळी.

पाण्याचा चहा घरोघरी होतो. पण त्याचं हे नाव दोघींपुरतंच. एक ती, आणि दुसरी आत स्टोव्हला पंप मारणारी स्नेहलता. मॅट्रिक झालेली. वाण्याच्या पुडीचा कागदसुद्धा वाचल्याशिवाय चुलीत न घालणारी.

"कोन बनवते हे असलं?" आतपर्यंत जाईल असा आवाज तिने मुद्दाम लावला.

"खाली छापलं हाय. रचनाकार, एक सूनबाई. तालुका चिखली."

आतला पंप थांबला.

तालुक्यात सून काय एकच आहे, असं गोजरबाईने मनाला बजावलं. मनाने काही ऐकलं नाही. आणि हा किसनराव? याला खरंच अडलंय, की माहीत असून खडा टाकून पाहतोय? चेहऱ्यावरून काही उमगेना.

"गुळवणी असन," ती म्हणाली. "गु, ळ, व, णी. भरतात चार."

"नाही बसत. उभ्या शब्दातून तिसरं अक्षर ज येते."

"मंग कोडंच खोटं हाय."

"कसं काय खोटं?"

इथे ती गप्प बसली असती तर निभावलं असतं. पण एक शब्द मघापासून सलत होता. चिक्कूपणाचा बोल तिने सासूकडूनसुद्धा ऐकून घेतला नव्हता, आणि इथे तर तो छापून आला होता.

"पानी म्हना, दूध म्हना, चालन. पन साखर नावाले काऊन लिहिलं? साखर पुरी असते तिच्यात."

"तिच्यात," किसनराव हळूच म्हणाले. "चहा तर तो असते, वहिनी."

गोजरबाईने जीभ चावली. किसनरावांनी एकेक करून चार चौकोन भरले. जिंकल्याचा भाव तोंडावर कुठेच नव्हता.

"मोताळ्यात मी लय तोऱ्यात सांगून बसलो," ते पेपरकडे पाहतच बोलू लागले. "त्याहीनं इचारलं, पोरीच्या घरी आल्यागेल्याची ऊठबस कशी हाय? मी म्हटलं, दुसऱ्याचं कायले सांगू, मी गेलो का वहिनी दर खेपेले गंगाजळी ठेवाले सांगते. सारेजन हसाले लागले. मले वाटलं, खुश झाले. कोड्याची उत्तरं पुढच्या हप्त्यात छापून आली होती, त्याहीनं वाचली होती, मलेच पत्ता नाही. पोराची माय उठली, हा पेपर माझ्या हाती देला. म्हने, पाहुने, आधी हे सोडवा, अन् मंग सांगा."

त्यांनी पेनाला टोपण लावलं.

"आता काय सांगू त्याहीले?"

उंबऱ्यात बांगड्या वाजल्या. स्नेहलता चहा घेऊन बाहेर आली आणि दोघांच्या मध्ये कप ठेवून तिथेच उभी राहिली. किसनराव गोजरबाईकडे पाहत होते. गोजरबाई सुनेच्या तोंडाकडे पाहत होती. सून पेपरात छापलेल्या खालच्या ओळीकडे. कपाला कोणीच हात लावला नाही, आणि चहावर साय धरत गेली.