आजारी धामणीचा खुराक

"गिळ गं माझी बाय, एवढंच राहिलंय," माझी बायको कुमुद लाडाने म्हणत होती. हे लाड माझे नव्हते, धामणीचे होते. गवत कापायच्या यंत्रात तिची पाठ सोलवटली होती आणि बरी होईपर्यंत सर्पमित्र भाच्याने तिला आमच्याकडे ठेवलं होतं.

कुमुदच्या हातातल्या वाटीकडे माझं लक्ष गेलं. वाटी नैवेद्याची, चांदीची. आत फेटलेलं अंडं.

या स्वयंपाकघरात लग्नापासून अंड्याला मज्जाव आहे. बाहेर ऑम्लेट खाऊन आलो, तर आंघोळ केल्याशिवाय मला पाणीही मिळत नाही.

"अंडं? आपल्या घरात?"

"डॉक्टरांनी सांगितलंय. अशक्तपणा आलाय तिला," ती बिनसुईची सिरिंज भरत म्हणाली.

"मलाही आलाय."

"तुम्ही बाहेर जाऊन खाता. ही बिचारी कुठे जाणार?"

एवढ्या वर्षांचा संसार माझ्याशी, आणि सोवळं मोडलं ते सापासाठी! मी धामणीच्या टोपलीशेजारी सतरंजी टाकली, आडवा झालो, डोळे मिटले आणि आ वासला.

कुमुद खरंच विरघळली. जवळ बसली, मायेने कपाळावर हात ठेवला आणि माझ्या तोंडात चमचाभर च्यवनप्राश घातला.