सगुणाक्कांनी पाहिलेला चेहरा

भिकाजीच्या फाशीला चार दिवस उरले होते. खुनाच्या एकमेव साक्षीदार सगुणाक्का यंत्राखाली बसल्या होत्या आणि त्यांची आठवण पडद्यावर चालू होती. आठवणी तपासणाऱ्या मैथिलीताईंनी चित्र थांबवलं.

“आक्का, तुमच्या आठवणीतल्या या भिकाजीला दाढी आहे.”

“आहेच की! या डोळ्यांनी बघितलंय.”

“खुनानंतर तासाभरात त्याला पकडलं, तेव्हा दाढी नव्हती. ती तुरुंगात वाढली. तोच दाढीवाला फोटो वाहिन्यांनी वर्षभर दाखवला. तुम्ही ही आठवण किती जणांना सांगितलीत?”

“येईल त्या वाहिनीवाल्याला. वर चहा पाजला मेल्यांना!”

“दर वेळी सांगताना त्या फोटोतला चेहरा तुमच्या आठवणीत मिसळत गेला,” म्हणत मैथिलीताईंनी फाशी थांबवण्याची शिफारस लिहिली.

आक्का पडद्याकडे बघत राहिल्या. “मग बाई, दाढीच्या आधी इथं कुणाचा चेहरा होता?”

मैथिलीताईंनाही तेच जाणून घ्यायचं होतं. पण यंत्राला फक्त आजची आठवण दिसत होती.