खोकल्याची पैज

"ज्याचा खोकला आधी जाईन तो जितला. हारला त्यानं सारी गल्ली जेवू घालाची," म्हणत चाळिशीतल्या बंडूनं शेजारच्या सूर्यभानकाकाले टाळी मागितली. एकाच लग्नातून दोघंही तोच ताप-खोकला घेऊन आलते. पंच्याहत्तरीचा काका इरेले पेटला. "दवाखान्यात गेलो त हारलो," म्हणून बायकोच्या, गोदाबाईच्या शिव्या खात घरीच पडून राह्यला. बंडूचा खोकला आठवड्यात पळाला. काकाचा छातीत उतरला.

काकाच्या तेरवीले सारी गल्ली जेवाले बसली. बंडू दारातच घुटमळला. गोदाबाईनं बखोटं धरून त्याले पंगतीत बसवलं, पानात बुंदी वाढली.

"तुह्या चाळीस वर्साच्या छातीसंगं माह्या बुढ्याची छाती पैजेले लावली होती ना? मंग लाजतं कायले? जेव. हारलेला माणूस गल्ली जेवू घालून राह्यला."