दादाची स्लाइड

"वहिनी, हा लिम्फ नोड नाहीच." बाईंनी मायक्रोस्कोपवरून डोळे उचलले. "दवाखान्यात स्लाइडची अदलाबदल झालीये. ही दादाची नाही."

वहिनी मागच्या स्टुलावर पर्स मांडीवर घट्ट धरून बसली होती. ती उठली, पुन्हा बसली आणि तोंडावर हात ठेवून रडायला लागली. प्रॅक्टिकल संपून मुलं केव्हाच गेली होती, म्हणून बरं. एरवी बाईंच्या लॅबमध्ये कुणी मोठ्यानं शिंकायचीही चोरी.

दादाच्या मानेतली गाठ काढून तपासली होती. गाठ कॅन्सरची आहे, ताबडतोब उपचार सुरू करा, असं दवाखान्यानं सांगितलं. दादानं ते ऐकून घेतलं आणि उडवून लावलं. याच दवाखान्यात शेजारच्या खाटेवरच्या म्हाताऱ्याच्या गोळ्या त्याच्यापुढे आणून ठेवल्या होत्या. ज्यांना दोन माणसांतला फरक कळत नाही, त्यांना दोन काचांतला काय कळणार, असं त्याचं म्हणणं. आमची मास्तरीण बघेल, ती सांगेल ते खरं, तोवर सुईसुद्धा टोचून घेणार नाही. मान पुन्हा सुजायला लागली, रात्री घामानं अंथरूण भिजायला लागलं, तरी हा बाबा ढिम्म हलेना. शेवटी वहिनीनं दवाखान्याच्या विनवण्या करून स्लाइड मिळवली, रुमालात गुंडाळली आणि नणंदेचं कॉलेज गाठलं.

मास्तरीण म्हणजे या बाई. पांढऱ्या पेशी आणि त्यांची शरीरातली सगळी ठाणी, म्हणजे लिम्फ नोड, टॉन्सिल, प्लीहा, थायमस, हा त्यांचा प्रांत. बाईंना गाढ झोपेतून उठवून स्लाइड दाखवा, नाव सांगून त्या पुन्हा झोपतील, असं मुलं म्हणायची. फक्त एक होतं. बाई शिकवायच्या ते निरोगी शरीर. रोगाच्या स्लाइड वरच्या मजल्यावर, दुसऱ्यांकडे. तिथलं त्यांनी स्वतः विद्यार्थिनी असताना वाचलं, तेवढंच. वहिनीला हा फरक ठाऊक नव्हता आणि बाईंनीही तो सांगितला नाही. सख्खा भाऊ आपल्या शब्दावर अडून बसलाय म्हटल्यावर, हे माझं काम नव्हे, असं कोणत्या तोंडानं सांगायचं? शिवाय मनातून थोडं बरंही वाटलं होतं, खोटं कशाला बोला.

लिम्फ नोड म्हटलं की बाईंच्या डोळ्यांपुढे चित्र तयार असायचं. बाहेर पातळ वेष्टन, त्याच्या आत कडेकडेनं शर्टाला बटणं लावावीत तसे गोल पुंजके, मध्ये फिकट भाग. या काचेवर त्यातलं काहीच नव्हतं. निळ्या पेशींचा नुसता चिखल. टॉन्सिल म्हणावं तर वरचं अस्तर नाही. थायमस म्हणावं तर त्याची खूण नाही. प्लीहाही नाही. परीक्षेत एखादं पोर एवढं पायरीपायरीनं बोललं असतं तर बाईंनी त्याला पैकीच्या पैकी दिले असते. मानेतून काढला तो लिम्फ नोड, आणि हा तर लिम्फ नोड नाही. म्हणजे ही काच दुसऱ्याच कुणाची. दादाचं म्हणणं खरं निघालं.

वहिनीनं डोळे पुसले आणि तिथूनच घरी फोन लावला. पलीकडे दादा जो हसायला लागला तो थांबेचना. मी म्हणत नव्हतो का, असं त्यानं तीनतीनदा ऐकवलं. मास्तरणीला आज जेवायलाच घेऊन ये, म्हणाला. वहिनीही रडता रडता हसायला लागली. कित्येक दिवसांनी ती हसत होती.

बाईंनी स्लाइड काढायला हात घातला. काढायच्या आधी चारी कडा फिरून या, असं त्या वर्गात इतक्या वेळा सांगत की हाताला सवयच जडली होती. हात आपसूक फिरला. तीन कडांना तोच चिखल. चौथ्या कडेच्या कोपऱ्यात मात्र वेष्टनाची पातळ रेघ दिसली. रेघेखाली मोकळी पट्टी. आणि तिला चिकटून एकच गोल पुंजका, भोवती लहान काळसर लिम्फोसाइट, म्हणजे नोडमधल्या पांढऱ्या पेशी, मध्ये फिकट. रोज शिकवायच्या तसाच. त्याची आतली बाजू मात्र कुरतडल्यासारखी झाली होती, आणि तिथून पुढे चिखल सुरू होत होता.

बाईंनी मोठी लेन्स फिरवली. चिखल कसला, पेशीच होत्या. मोठ्या, वेड्यावाकड्या केंद्रकांच्या, जागोजागी एकीच्या दोन होत असलेल्या. लिम्फोसाइटच्याच कुळातल्या, पण वाट सोडलेल्या. त्यांनी पुंजके गिळले होते, मधला भाग गिळला होता. उरला होता तो हा एक कोपरा.

आपण काय बोलून बसलो, या विचारानं बाईंचे कान तापले. त्याहून जास्त भीती वाटली. काच तशीच काढून रुमालात गुंडाळली असती तर बरं झालं असतं, असंही क्षणभर वाटून गेलं. मागे वहिनी फोनवर, भाजी कोणती करू, ते विचारत होती.

"वहिनी, फोन दे इकडे."

वहिनीनं हसतच फोन पुढे केला. बाईंचा चेहरा बघून तिचं हसू मावळलं.

"दादा, हसू नकोस, ऐक. गाठ तुझीच आहे. इतकी वर्षं मी रोज लिम्फ नोड बघते आणि तुझा मला ओळखू आला नाही, एवढं सगळं खाल्लंय त्या रोगानं. आज जेवायला नको, मी तुला दवाखान्यात न्यायला येते."