आईचे गाल

"आमच्या घराण्यात असला आजार नाही. सुनेच्या माहेराकडं विचारा," मी डॉक्टरीणबाईंना ठणकावलं. सून थोडीच ऐकून घेते! म्हणाली, "आत्याबाई, माझी आजी नव्वदीतसुद्धा शेंगा फोडून खाते." मधे नात बसलेली, सुजलेली बोटं ओढणीत लपवून. गाल लाल.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आजी, रक्तातल्या अँटीबॉडी म्हणजे राखणदार. हिचे राखणदार घरच्यांनाच चावायला लागलेत. असं होण्याचा कल पिढ्यांतून येतो. उन्हात गेलं की नाकावरून दोन्ही गालांवर असंच लाल पसरायचं, असं तुमच्यात कुणाला होतं का?"

मी चार वर्षांची असताना आई गेली. तिचा फोटो नाही. तिला पाहिलेलं माणूसही आता उरलेलं नाही. मला आठवतं ते एवढंच, की उन्हात शेत भांगलायला निघाली की ती पदर हनुवटीपर्यंत ओढायची आणि आत तिचे लालभडक गाल असायचे. बायका म्हणायच्या, मोठी नखऱ्याची.

"माझ्या आईला व्हायचं," मी म्हटलं. डॉक्टरीणबाई गोळ्या लिहून द्यायला लागल्या.

"गोळ्यांनी ही लाली जाईल ना?"

"बहुतेक जाईल, आजी."

"जाऊ दे. पोरगी बरी होऊ दे."

मग मी नातीची हनुवटी धरून तिचं तोंड माझ्याकडं वळवलं.

"आता काय गं, आजी?" ती वैतागली.

"गप बस. गोळ्या घ्यायच्या आधी एकदा नीट बघू दे."