पाच माणसांची टाकी

मैलाटाक्या तपासणाऱ्या हुलवळे साहेबांनी मयेकर आबांच्या परसातल्या टाकीचा काटा बघितला आणि मान हलवली. "साडेचार माणसांचाच वापर! पाच माणसांचा आराखडा मंजूर आहे, आबा. आतले जंतू उपाशी राहिले की मरतात आणि घाण विहिरीत उतरते. सील करावी लागेल."

"मग मला एकट्यापुरती छोटी टाकी द्या की."

"एका माणसाचा आराखडा नियमात नाहीच. एकट्या माणसानं सरकारी वसाहतीत राहायचं."

बायको गेल्यापासून आबा एकटेच होते, पण वसाहतीत त्यांना मेलं तरी जायचं नव्हतं. म्हणून तर सकाळपासून अर्धी वाडी त्यांच्याकडे काळ्या वाटाण्याची उसळ खाऊन पाळीपाळीनं मागं जाऊन येत होती.

"माझं दोनदा झालं, आता काय जीव देऊ?" शेजारच्या सुमनवहिनी कुजबुजल्या.

"दमलात तुम्ही, बसा," आबा हसले. "साहेब, सील नंतर करा. आधी जेवा."

उसळ तिखटजाळ होती, तरी साहेबांनी तीनदा मागून घेतली. मग सीलची पट्टी काढता काढता ते एकदम थांबले. कपाळावर घाम आला.

"आबा, तुमचं ते... कुठं आहे?"

"सरळ मागं. दार उघडंच ठेवलंय."

दार लागलं. सगळी वाडी काट्याभोवती गोळा झाली. काटा थरथरला आणि पाचवर जाऊन बसला.

साहेब बाहेर आले, तर लोक टाळ्या वाजवत होते.

"माझं धरता येणार नाही," ते गंभीरपणे म्हणाले.

"बरं," आबा म्हणाले. "तुमचं तेवढं वेगळं काढून घ्या, मग नका धरू."