दंडावरची कालिंदी

ऐन पौषात कळसूबाईच्या शेवटच्या शिडीपाशी मोरेश्वर तांबटांच्या दंडावरची शुगर मोजणारी पट्टी बोलली, "अहो, शुगर उतरतेय. लाडू खा."

आवाज कालिंदीबाईंचा होता. त्या स्वतः संगमनेरला घरीच होत्या. पण तांबट कंपनीच्या मंजुळ आवाजाला जुमानत नाहीत म्हणून डॉक्टरांनी पट्टीत बायकोचा आवाज भरला होता, स्वभावासकट.

मधुमेह झाल्यापासूनच्या अकरा वर्षांत त्या आवाजाने गोडाला फक्त "नको" म्हटलं होतं. तांबट विरघळले.

"काय म्हणालीस?"

"लाडू खा!"

"वाऱ्यात ऐकू येत नाही गं. परत म्हण."

चौथ्यांदा ऐकेपर्यंत त्यांचे हात लटपटू लागले आणि त्या गारठ्यातही दरदरून घाम फुटला. बरोबरच्या रघुवीरने शिव्या देत त्यांना खाली बसवलं आणि डब्यातला लाडू तोंडात कोंबला.

पंधरा मिनिटांनी हात स्थिर झाले.

"आता बास," पट्टी म्हणाली. "कानटोपीत लपवलाय तो परत डब्यात ठेवा."

तांबटांनी निमूटपणे टोपी काढली.

रघुवीर बघतच राहिला. "या पट्टीला फक्त शुगर कळते ना?"

"कंपनी तसं म्हणते," तांबट लाडू डब्यात ठेवत म्हणाले. "कंपनीचं लग्न कुठे झालंय!"